गैरहजर लिहायला हात लागतो

मशीन सुरू करण्याआधी तात्या त्याच्या डोक्यावर तळहात ठेवायचे आणि विचारायचे, "हाय का?"

डोकं म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्याचा वरचा पत्रा. मग बटण दाबायचं, आतला पंखा गुरगुरायचा, काचेवर अक्षरं यायची आणि तात्या स्वतःच उत्तर द्यायचे, "हाय." रोज सकाळी चार मशीनांपाशी चार वेळा. तुम्ही गेला असता तर तुम्हालाही हसू आलं असतं. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मला सगळ्याच म्हाताऱ्यांचं हसू यायचं. जे माझ्या सभेला येत नसत त्यांचं तर जास्तच.

मी इंदापूरची. आम्ही सहा-सात जण मिळून पत्रकं काढायचो. भूतबाधेच्या नावानं बायकांना मारणाऱ्या भगतांविरुद्ध, रेशनच्या दुकानदारांविरुद्ध आणि ठेकेदारांविरुद्ध तर दर महिन्याला. मजकूर माझा असायचा. टायपिंग बारामतीला तात्यांकडं, कारण ते चुका काढायचे आणि वर बोलणी खावी लागायची ती फुकट. माझी उद्गारचिन्हं त्यांना सहन व्हायची नाहीत. "पोरी, एवढे खिळे कशाला ठोकतीस? दोन काढ. पत्रा उडून न्हाय जायचा."

तात्या जन्मभर एका कारखान्यात टाइमकीपर होते. फाटकापाशी बसायचं आणि मस्टर भरायचं. जो आला त्याच्यापुढं 'ह', जो नाही आला त्याच्यापुढं 'ग'. निवृत्त झाल्यावर त्यांनी बारामतीत, कॅनॉलच्या अलीकडच्या आपल्या घरात ही चार मशीनं मांडली आणि आसपासच्या ठेकेदारांची मस्टरं ठेवायचं काम धरलं. एक मशीन बाहेरच्या खोलीत, एक मधल्या, एक माळ्यावर. चौथ्याला जागाच उरली नाही म्हणून ते स्वयंपाकघरात, पिठाचा डबा आणि पाण्याचा माठ यांच्या मधोमध.

"माज्या घरात डबे पाच," तात्यांची बायको, आमच्या काकी, म्हणायच्या. "पिठाच्यातनं निदान भाकरी तरी निघती."

मस्टरचा प्रोग्रॅम तात्यांच्या पुण्याच्या पुतण्यानं लिहिला होता. त्यात काही सुधारलं की तो नवी फ्लॉपी पोस्टानं पाठवायचा. फ्लॉपी आली की तात्या चारही मशीनांपुढं ती घेऊन फिरायचे, पंगतीत वाढप्यानं फिरावं तसे. एक मशीन जरी जुन्यावर राहिलं तरी जेवायला बसायचे नाहीत. "शिळं कुणाच्या ताटात नको," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुढं पुतण्यानं येऊन चौघांमधून एक काळी केबल ओढून दिली आणि फिरणं संपलं. रोज संध्याकाळी तात्या बाहेरच्या मशीनवर एक कळ दाबायचे. तिला ते 'वाटप' म्हणायचे. ती कळ चौघांतही बघायची, कुणाकडचा प्रोग्रॅम आणि कुणाकडची कामगारांची यादी सगळ्यांत अलीकडच्या तारखेची आहे ते. जी ताजी, ती बाकीच्या तिघांना. चौघंही सारखे.

प्रोग्रॅम लिहिताना पुतण्यानं विचारलं होतं म्हणे, रोजचा रकाना कोरा ठेवू का? तात्या म्हणाले, कोरा नको. "मी तीस वर्सं फाटकावर काढली. 'ह' आपसूक पडू दे. 'ग' टाकायचा आसंल तर मानसानं बटण दाबावं. गैरहजर लिहायला हात लागतो." त्यामुळं मध्यरात्री बारा वाजले की यादीतल्या प्रत्येक नावापुढं 'ह' आपोआप पडायचा. मग दिवसभरात ठेकेदाराच्या माणसाकडून निरोप आला की टायपिंगच्या दोन मुली लागतील तिथं 'ग' करायच्या.

दोन हजार साल लागलं की जगातले सगळे कॉम्प्युटर वेडे होणार, अशी आवई तेव्हा उठली होती. पुतण्यानं त्यावरही फ्लॉपी पाठवली. सोबत चिठ्ठी: एका मशीनचं घड्याळ नव्व्याण्णव सालच्या शेवटच्या रात्री बाराला पाच मिनिटं कमी असं लावा आणि पलीकडं जातंय का बघा. तात्यांनी स्वयंपाकघरातलं मशीन निवडलं. दुपारची जेवणं झाल्यावर, तीनला पाच कमी असताना, ते स्टूल घेऊन समोर बसले. पाच मिनिटांनी काचेवर जानेवारी दोन हजार उजाडली आणि पहिल्या तारखेखाली सगळ्यांचे 'ह' एकाखाली एक पडले. तात्या इतके खूश झाले की त्यांनी ते घड्याळ मागं आणलंच नाही. महिनाभर असंच चालू दे, काही बिघडतंय का कळेल.

म्हणजे त्या स्वयंपाकघरात रोज दुपारी तीन वाजता मध्यरात्र व्हायची. ऊन खिडकीतून माठावर पडलेलं असायचं आणि मशीनमध्ये पुढच्या सालचा नवा दिवस लागायचा.

"फुडचं साल आलं माज्या शेगडीपाशी," काकी मला म्हणाल्या, "आन् हितं औंदाचं दळण व्हायचंय."

आता सुखदेवचं सांगते. तेही मला कुणी शांतपणे सांगायला लावू नये.

सुखदेव निरवांगीचा. लोणी देवकरच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली टाकी धुवायला खाली उतरला आणि वर आला नाही. कमरेला दोर नव्हता. तोंडाला फडकं होतं, तेही त्याचं स्वतःचं. ठेकेदाराच्या जीपनं त्याला घराच्या दाराशी आणून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं हात वर केले: असा माणूस आमच्याकडं नव्हताच. कारखान्यानं ठेकेदाराकडं बोट दाखवलं. मी त्याच्या बायकोला भेटले. कमल तिचं नाव. ती रडत नव्हती. तिला एकच पाहिजे होतं, तो तिथं होता असं कुणीतरी कागदावर लिहून द्यावं.

"मेले ते मला दिसलं," ती म्हणाली. "पर नव्हतेच म्हंत्यात ते कसं? मग मी रोज भाकरी कुणाला बांधून देत हुते?"

त्यानंतरच्या आठवड्यात मी लोणी देवकरला गेले तर फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर वेगळीच कुजबुज. सुखदेव ड्युटीवर हाय. मस्टरवर नाव लागलंय, रोजचा 'ह' पडतोय. टाकीकडं जायला कुणी तयार नाही. मी तिथंच बाकड्यावर उभी राहिले आणि अंधश्रद्धेवर वीस मिनिटं बोलले. माणसं मान हलवत होती आणि टाकीकडं पाठ करून चहा पीत होती. एक जण एवढंच म्हणाला, "ताई, तुमचं बराबर हाय. पर नाव तुमी वाचा की."

मी वाचलं नाही. फालतू वाटलं. तडक बारामतीची एसटी धरली. काटेवाडी येईपर्यंत मांडीवर वही ठेवून पत्रक लिहून झालं होतं. मथळा: 'सुखदेव कुठे होता?' आणि अंगावर सहा उद्गारचिन्हं.

दुपारचे दोन वाजून गेले होते. तात्यांनी कागद घेतला, मथळा वाचला आणि त्यांची बोटं कळांवरून उचलली गेली.

"हे न्हाय व्हायचं माज्याच्यानं."

मग मी बोलले. मी कशी बोलते ते एव्हाना तुम्हाला कळलंच असेल. शेवटी म्हणाले, "तुम्हीही ठेकेदाराचीच माणसं!"

"व्हय," तात्या म्हणाले.

मला वाटलं होतं ते नाकारतील. तेवढ्यात आतून काकींचा आवाज आला. "सांगा की तिला. का मीच सांगू?"

तात्यांनी सांगितलं. सुखदेव गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी ठेकेदार एक फ्लॉपी घेऊन आला. सुधारित यादी, सगळीकडं टाका. जुनी छापील मस्टरं त्यानं 'तपासायला' म्हणून उचलून नेली. तात्यांनी यादी उघडली. सुखदेवचा नंबर अठ्ठेचाळीस. तिथं आता एकोणपन्नासवाला बसला होता आणि खालची सगळी माणसं एकेक पायरी वर सरकली होती.

"मानसं गेल्याली बघितली मी," तात्या म्हणाले. "काढून टाकल्याली बघितली. पर मागं जागा ऱ्हाती. नावावर रेघ आसती. हितं जागाच न्हवती."

"आणि तुम्ही टाकलीत ती यादी?"

"टाकली."

"का?"

"नवी आली की टाकायची. सवय."

मी आजवर मुजोरीवर लिहिलंय, लाचखोरीवर लिहिलंय. या एका शब्दावर एक ओळ लिहिली नव्हती. ती चूक माझी. मुजोर माणसं गावात मोजकीच असतात. हा शब्द घराघरात असतो.

त्यांनी यादी बाहेरच्या मशीनमध्ये घातली, संध्याकाळी वाटपाची कळ दाबली. सकाळी उघडून बघतात तर अठ्ठेचाळीसवर सुखदेव. पुढं 'ह'. त्यांना वाटलं आपलीच चूक, म्हणून फ्लॉपी पुन्हा घातली, पुन्हा वाटप. सकाळी पुन्हा सुखदेव. मधे शनिवार आला, मुलींनी नेहमीप्रमाणं आठवड्याचं मस्टर छापून लोणी देवकरला पाठवून दिलं आणि ते फाटकावर लागलं. तिसऱ्या खेपेला तात्या एकेका मशीनमधून नाव हातानं काढायला निघाले. बाहेरचं झालं, मधलं झालं, माळ्यावरचं झालं.

"शेगडीपाशी आलो," ते म्हणाले, "आन् हात थांबला. ये, बघ."

मी आत गेले. काकी घेवडा निवडत बसल्या होत्या, डोक्यावर पदर. घरात त्या कधी पदर घेत नसत. माझी नजर बघून हळूच म्हणाल्या, "आठ दिस झालं. परका मानूस बसल्यागत वाटतं, बाई. डाळ घोटतानाबी मी ह्याच्याकडं पाठ करत न्हाय."

काचेवर जानेवारी दोन हजार होती. अठ्ठेचाळीस, सुखदेव. एक ते एकोणीस तारीख, सगळे 'ह'. औंदा मेलेला माणूस पुढच्या साली एकोणीस दिवस न चुकता कामावर आला होता.

तात्यांनी समजावून सांगितलं. ह्याचं घड्याळ फुडं हाय. दोन हजार साल लागलं तवा यादी ह्याच्यात नव्या तारखेनं पडली. वाटपाची कळ तारीख बघती, तिला वाटतं हीच सगळ्यांत ताजी, म्हणून हीच चौघांना देती. आणि रकाना तर आपसूकच भरतो. मला प्रत्येक शब्द कळला. भुतं नसतात हे मी गावोगाव छापील सांगितलेलं आहे आणि आजही सांगेन. तरी माझ्या हातावरचे केस उभे होते, ते मी ओढणीखाली झाकले.

"तुम्ही इथूनही नाव काढू शकला असता," मी म्हणाले.

"व्हय."

बाहेर जीप थांबली. चपलांसकट कुणीतरी घरात आलं. ठेकेदार. चाळिशीचा, पांढरे कपडे. मी काकींच्या शेजारी बसले आणि घेवडा हातात घेतला. तात्या मधल्या खोलीत गेले.

"तात्या, येड लागलं का तुमाला? मेल्याला मानूस ड्युटीवर लावलाय तुमी! पोरं टाकीत उतरंनात माजी."

तात्या म्हणाले, "मेल्याला म्हंताय, मालक? आसा मानूसच न्हवता न्हवं?"

टायपिंगच्या मुलींच्या कळा थांबल्या. घरात फक्त पंखे चालू राहिले.

"शब्द धरू नका. कुठल्या मशीनात हाय ते?"

तो आत आला. मला त्यानं घरातली समजलं. काचेकडं बघितलं, बोट लावून अठ्ठेचाळीसपर्यंत आला. "काढा. न्हायतर 'ग' मारा. माज्या म्होरं मारा."

तात्यांनी स्टूल बाजूला ओढलं आणि जागा करून दिली. "तुमी मारा. 'ग' हितं हाय. गैरहजर लिहायला हात लागतो. ह्या खेपंला माजा न्हाय लागायचा."

ठेकेदाराचा हात पुढं गेला. दोन अंगठ्या होत्या. आणि तेव्हाच मशीनमध्ये कुरकुर सुरू झाली. तीन वाजले होते.

विसाव्या तारखेचा रकाना वरून खाली भरायला लागला. मशीन जुनं, एकेक 'ह' पडताना दिसायचा, प्रत्येकाला आतून एक टिचकी. आम्ही चौघंही बघत होतो. पंचेचाळीस. शेहेचाळीस. सत्तेचाळीस. तिथं ते थांबलं.

मी वाढवून सांगत नाही. तात्या नंतर म्हणाले, डिस्क भरत आली की ते मधेच असं अडकतं. माठाची तोटी ठिबकत होती. काकींनी पदर दातात धरला होता. ठेकेदाराचा हात कळेच्या वर वीतभर अंतरावर तसाच होता. दाबायला त्याला कुणी अडवलं नव्हतं.

टिचकी वाजली. 'ह'.

ठेकेदारानं हात मागं घेतला आणि शर्टाला पुसला. कळेला त्यानं हात लावलाच नव्हता. दारातून म्हणाला, "उद्यापासनं हितं एक कागद यायचा न्हाय. कुणाचाच."

जीप गेल्यावर तात्या बाहेरच्या मशीनपुढं बसले आणि माझं पत्रक ओढून घेतलं.

"खिळे किती हायत?"

"सहा."

"ऱ्हाऊ दे सहा."

पुण्याच्या कामगार कार्यालयात आम्ही तिघं गेलो. तात्या, कमल आणि मी. तात्यांनी शेगडीपाशच्या मशीनवरून मस्टर छापून घेतलं होतं. साहेबांनी चष्मा वर केला, कागद वाचला आणि परत सरकवला. "आजोबा, हा जानेवारी दोन हजारचा आहे. ती अजून उजाडायची आहे." ते हसले, आणि हसण्यासारखंच होतं. मला भांडायचं होतं, पण कुणाशी?

तात्यांनी कोरा कागद मागितला. दीड पान लिहिलं, हातानं, असं: सुखदेव गेला त्या दिवशी त्याच्या नावापुढं 'ह' होता आणि तो मी पाहिला होता. दुसऱ्या दिवशी त्याचं नाव नसलेली यादी मी स्वतः मशीनमध्ये घातली. नाव कुणाचं गेलं ते मला माहीत होतं.

साहेब आता हसत नव्हते. "तुम्ही स्वतःविरुद्ध लिहून देताय, कळतंय ना?"

"कळतंय. कागदाची तारीख चुकली, सायेब. माजी चुकल्याली न्हाय."

कमल इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती पुढं आली. "लिवलं का, ते हुते म्हणून?"

"लिवलं," तात्या म्हणाले. तिच्याकडं मात्र त्यांना बघता आलं नाही.

दिवाळीनंतर कमलला कार्यालयाचं पत्र आलं. सुखदेव त्या दिवशी तिथं कामावर होता, असं त्यात लिहिलं आहे. ठेकेदाराचं काय झालं विचाराल. काही नाही. जीप तीच आहे.

तात्यांकडं मात्र खरंच एक कागद आला नाही. बारामतीच्या ठेकेदारांनी आपापली मस्टरं दुसरीकडं नेली. मुली यायच्या थांबल्या. माळ्यावरचं मशीन विकलं, मग मधलं, मग बाहेरचं. दर वेळी तात्या उरलेल्यांची केबल नीट जोडायचे आणि वाटपाची कळ दाबायचे. शेवटी स्वयंपाकघरातलं एकटंच राहिलं. तरी ते कळ दाबायचे. "कुणाला वाटताय आता?" काकी म्हणायच्या.

डिसेंबरात, वर्ष संपायला चार-पाच दिवस राहिलेले असताना, तात्या झोपेतच गेले. ज्या जानेवारीचं मस्टर त्यांनी दुपारी ऊन असताना रोज बघितलं, ती जानेवारी त्यांना लागली नाही. जगातले कॉम्प्युटर काही वेडे झाले नाहीत.

मी निरवांगीला कमलला सांगायला गेले. ती भेंडी तोडत होती. मी सांगितलं. तिनं हातातली सरी पूर्ण केली, मग बांधावर आली.

"ते कुणाच्या मस्टरवर हुते?" तिनं विचारलं.

"कुणाच्याच नाही."

तिनं पदराला हात पुसले, घरात गेली आणि पत्र्याच्या पेटीतून तात्यांच्या त्या दीड पानाची झेरॉक्स घेऊन आली. तिला वाचता येत नव्हतं. कागद तिनं माझ्यापुढं उलटा धरला, मी सुलटा केला.

"ह्यातलं त्यांचं नाव कुठलं?"

मी खालच्या सहीवर बोट ठेवलं.

"एवढंच?"

"एवढंच."

मी बोट काढलं. तिनं त्याच जागी आपलं ठेवलं, भेंडीच्या लवेनं खरबरीत झालेलं, आणि मी एसटीसाठी निघाले तरी उचललं नव्हतं.